दोन फुटी समुद्र, चाळीस हजारांत : जमेल का?

ओला_हात | १५ जानेवारी, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या ठेवायला लागून सहा वर्षं झाली. गप्पी झाले, टेट्रा झाले, झाडांची टाकी झाली, सीओटूचं नळकांडंही आणून झालं. आता खारं पाणी हवंय, मासे आणि थोडी मऊ पोवळी. लहानपणी बाबांनी तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. तिथल्या एका टाकीसमोरून मी हलेना म्हणून परतीची लोकल चुकली, हे घरात अजून ऐकवतात.

मुक्काम वाकड, पुणे, तिसरा मजला. बजेट चाळीस हजार. हा आकडा माझा नाही, घरचा आहे, त्यामुळे त्यात घासाघीस नाही.

दोन आठवडे वाचून असा हिशेब मांडलाय. टाकी ६० × ४५ × ४५ सेंमी, १० मिमी काच, आमच्या नेहमीच्या काचवाल्याकडून. फॅब्रिकेटरचा लोखंडी अँगलचा स्टँड धरून ९,५००. एलईडी लाइट, तो ऑनलाइन मिळणारा काळा डबा, ७,५००. वेव्हमेकर (पाणी खेळवणारा पंप) १,८००. मागे अडकवायचा फिल्टर २,२००. हीटर ९००, कारण वाकडला डिसेंबर-जानेवारीत पाणी १९ पर्यंत उतरतं. उन्हाळ्यासाठी पंखा ६००. मीठ २० किलोची बादली ५,८००. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर १,६००. टेस्ट किट ४,५००. कोरडा खडक १० किलो ३,५००, वाळू १,२००. एकूण ३९,१००. उरलेल्या ९०० रुपयांत मासे. (हसू नका.)

स्वयंपाकघरात चांगला आरओ आहे, त्यामुळे पाण्याचा खर्च शून्य. कुठे चुकतंय ते सांगा.

टीडीएस_बाबा | १५ जानेवारी, ११.५२

हिशेब चांगला आहे, शेवटून दुसरं वाक्य सोडून. घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, किती येतो?

ओला_हात | १६ जानेवारी, सकाळी ७.०५

४८. नळाला २१०, टँकर आला की ८०० च्या पुढे. ४८ म्हणजे उत्तमच ना?

टीडीएस_बाबा | १६ जानेवारी, ७.३०

प्यायला उत्तम. ते पाणी माणसाच्या जिभेसाठी बनवलंय. पडद्यातून आलेलं पाणी पांचट लागतं म्हणून यंत्रात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत त्यात मिसळतो. शिवाय वर खनिजांची नळी. आपल्याला शून्य लागतं. ४८ मध्ये नेमकं काय काय आहे ते मीटर सांगत नाही, फक्त किती आहे ते सांगतो. कोपऱ्यावरच्या आरओवाल्याकडून सुटे भाग घे: गाळाचा फिल्टर, कार्बन, पडदा, आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं एक भांडं. साडेचार हजारांत होतं. लाइट हजार रुपयांनी स्वस्त घे, वेव्हमेकर साधा घे, पण हे घे.

ओला_हात | १६ जानेवारी, ७.४१

साडेचार धरले तर ४३,६००. मंजूर होणार नाही. सुरुवात घरच्या पाण्याने करतो, पुढे बघू.

टीडीएस_बाबा | १६ जानेवारी, ७.४३

बरं.

शिंपला७ | १६ जानेवारी, दुपारी १.१५

बाबांचं ते "बरं" मी दहा वर्षं ओळखतो. त्यात खूप काही असतं.

असो. माझं म्हणणं वजनाबद्दल. तुझी टाकी बाहेरच्या मापाने १२१ लिटरची. काच, खडक आणि वरची चार बोटं सोडली तर पाणी १०० लिटरच्या आसपास बसेल. पण टाकी, स्टँड, वाळू, खडक सगळं धरून पावणेदोनशे किलो एका जागी उभे राहणार. भिंतीलगत, बीमजवळ ठेव. गॅलरीत नको, दुपारचं ऊन लागेल. टाकीखाली थर्मोकोल घाल. आणि लोखंडी स्टँडला इपॉक्सीचा रंग दोन हात मार. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे साध्या ऑइलपेंटला सहा महिन्यांत खातात. माझ्या स्टँडचा पाय मी स्क्रूड्रायव्हरने टोचला तर आरपार गेला होता.

लाटकर | १६ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

बादलीतल्या मिठाला ५,८००? बाजारात खडेमीठ वीस-तीस रुपये किलो आहे. समुद्राचंच ना ते? बिनआयोडीनचं घेतलं की झालं. कोणी करून पाहिलंय का?

आगरकन्या | १६ जानेवारी, रात्री ९.१०

लाटकर दादा, याचं उत्तर मी द्यायला हवं. उरणकडचे आम्ही, आजोबांचं मिठागर होतं.

मिठागरात भरतीचं पाणी घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं खेळवत नेतात. ऊन-वारा त्याला आटवत जातो. पाणी जसं दाट होतं तसं त्यातलं एकेक खाली बसतं. सगळ्यात आधी चुना बसतो. मग जिप्सम. म्हणजे कॅल्शियम पहिल्या वाफ्यांतच गेलं. मग शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं, पांढरी साय आल्यासारखं. ते ओढून घेतल्यावर जे पाणी उरतं ते बोटाला लावून चाखलं तर जीभ कडवट होते. तो कडवटपणा मॅग्नेशियमचा. ते पाणी सोडून देतात, कारण ते मिठात राहिलं तर मीठ पावसाळ्यात पाझरतं, गिऱ्हाईक परत येत नाही. आजोबा म्हणायचे, चांगलं मीठ ते ज्यात समुद्र उरलेला नाही.

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यात जवळजवळ १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० च्या वर कॅल्शियम. खडेमिठात या दोघांना मुद्दाम बाहेर काढलेलं असतं. पोवळ्यांना नेमकं तेच लागतं. बादलीतल्या मिठात ते सगळं मोजून परत घातलेलं असतं, पैसे त्याचे.

लाटकर | १६ जानेवारी, ९.२५

समजलं. एवढं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं.

मालवणी_मासोळी | १७ जानेवारी, सकाळी ८.००

आमी मिठाचे पैसे कित्याक देवचे, समुद्र दाराक आसा :)

मी तीन वर्षं समुद्राचंच पाणी वापरतो. पण त्याचे नियम आहेत. नदीच्या मुखापासून लांब, होड्या लागतात त्या धक्क्यापासून लांब, पूर्ण भरतीला भरायचं. कापडातून गाळायचं, झाकून अंधारात आठ-दहा दिवस ठेवायचं, मग क्षारता मोजून वापरायचं. जून ते ऑक्टोबर अजिबात नाही. नद्यांचं गोडं पाणी येऊन किनाऱ्यालगतचा समुद्र पातळ झालेला असतो आणि गढूळही. त्या महिन्यांसाठी मीही बादलीच आणतो. पुण्याहून गाडी काढून पाणी न्यायला येणार असाल तर येताना डिझेलचा हिशेब करा, मीठ स्वस्त पडेल.

दुबईकर | १७ जानेवारी, दुपारी ३.३०

मी इथे अ‍ॅक्रोपोरा, हॅमर, ब्रेन अशी सगळी कठीण पोवळी ठेवलीत. इकडे दुकानात सरळ मिळतात. ओला_हात, मऊ पोवळ्यांत अडकू नकोस, खरी मजा कठीण पोवळ्यांत आहे. मालवणला भावाचा एक मित्र स्कूबाला जातो, तो छोटे तुकडे आणून देईल. व्यनि (खासगी निरोप) करू का?

मालवणी_मासोळी | १७ जानेवारी, ३.४८

व्यनि करू नका, इथेच बोला, म्हणजे सगळ्यांना उत्तर मिळेल.

कठीण सांगाड्याची सगळी पोवळी, काळं पोवळं, अग्निपोवळं, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. समुद्रघोडाही कायद्याने संरक्षित. जिवंत नको, मेलेला वाळका तुकडा शोकेसमध्ये ठेवलात तरी तोच कायदा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. पाण्याखाली जाऊन ज्यांनी ती पोवळी पाहिली आहेत त्यांना तुकडा तोडायला सांगणारा माणूस डोक्यात जातो. भावाच्या मित्राला नमस्कार सांगा.

दुबईकर | १७ जानेवारी, ४.०२

एवढं चिडायला काय झालं? बाजारात सर्रास विकतात की.

शिंपला७ | १७ जानेवारी, ४.२०

विकतात म्हणून कायदा बदलत नाही. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी हाजी अलीजवळची पोवळी हलवायची तर आधी परवानग्या काढाव्या लागल्या, मग शास्त्रज्ञांनी ती उचलून दुसरीकडे लावली. सरकारी प्रकल्पाला ही अट, आपण कोण.

ओला_हात, तुला मऊ प्रकार पुष्कळ आहेत. झोअँथिड (आपण झोआ म्हणतो), मशरूम, लेदर, झेनिया. चार जुन्या लोकांकडे एवढे वाढलेत की कापून फुकट वाटतात. माझ्याकडूनच ने. खडकही दुकानात "लाइव्ह रॉक" म्हणून जो मिळतो तो विचारल्याशिवाय घेऊ नको, बऱ्याचदा तो मेलेल्या पोवळ्याचा असतो. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा घे.

ओला_हात | १७ जानेवारी, रात्री १०.३०

पटलं. मऊच ठेवणार. आणि खडक घरी केला तर? साडेतीन हजार वाचतील, त्यात बाबांचं डीआय बसेल.

आगरकन्या | १७ जानेवारी, १०.५५

मी केलाय. एक भाग पांढरं सिमेंट, दोन भाग शिंपल्यांचा चुरा (कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो), एक भाग जाडं खडेमीठ. लाटकर दादांचं मीठ इथे चालतं! कालवून वाळूच्या खड्ड्यात हवे ते आकार पाडायचे. सुकल्यावर पाण्यात टाकलं की मीठ विरघळून भोकं पडतात. पण सिमेंट पाण्याला जाळतं, पीएच १० च्या वर जातो. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत ड्रममध्ये भिजवायचं. मला नऊ आठवडे लागले. सासूबाई विचारायच्या, दगड शिजले का?

ओला_हात | १८ जानेवारी, सकाळी ६.५०

नऊ आठवडे थांबवणार नाही. सिरॅमिक घेतो.

टीडीएस_बाबा | १८ जानेवारी, ७.००

बरं.

ओला_हात | २८ जानेवारी, रात्री ९.००

टाकी उभी राहिली. काचवाल्याने सिलिकॉन भरलं, आठवडाभर सुकवलं, मग दोन दिवस साधं पाणी भरून गळती पाहिली. घरच्या आरओचं पाणी १०० लिटर जमवायला चार दिवस लागले, घरातले सगळे त्या चार दिवसांत कळशीतलं प्यायले. मीठ लिटरला ३७ ग्रॅमने घातलं, रात्रभर पंपाने ढवळलं, सकाळी क्षारता ३५ आली. माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी रुजावेत म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमला नेलाय, बाटलीतले जिवाणू ओतलेत. आता नुसतं खडकांकडे बघत बसायचं.

शिंपला७ | २८ जानेवारी, ९.३०

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावलास की ३५ च्या द्रावणावर? साध्यावर लावलेला वर गेल्यावर दोन-तीन अंकांनी खोटं बोलतो. दीडशे रुपयांची बाटली येते, घे.

आणि वायरी. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी थेंब होऊन पडतं, बोर्डात शिरत नाही. बोर्ड टाकीखाली कपाटात नको, बाजूच्या भिंतीवर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसव. मीठ सुकून पिनांवर पांढरी बुरशी धरल्यासारखं चढतं आणि वीज त्यावरून चालते. हे मी घाबरवायला लिहीत नाही, माझा एक बोर्ड जळालाय.

ओला_हात | २ मार्च, रात्री १०.१५

पाच आठवडे झाले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. खडक आणि वाळूवर तपकिरी साय आली होती, ती डायटम नावाच्या शेवाळाची, आपोआप कमी होतेय. गेल्या रविवारी क्लाउनफिशची जोडी आणली, टाकीत पैदास झालेली. दोघे मजेत, शेवया चावल्यासारखे मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) खातात.

अडचण गोगलगायींची. सहा टर्बो आणल्या. दोन तास थेंब-थेंब पाणी देऊन सोडल्या. पहिल्या दिवशी काचेवर चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चार वाळूवर उताण्या. सरळ केल्या, संध्याकाळी पुन्हा उताण्या. पाय अर्धा बाहेर, स्पर्श केला तरी आत ओढून घेत नाहीत. आज पाच गेल्या. क्षारता ३५, तापमान २६, अल्कलिनिटी ८.५. सगळे आकडे बरोबर आहेत. दुकानदार म्हणतो तुम्ही नीट सोडल्या नाहीत.

लाटकर | २ मार्च, १०.२०

खेकडा आहे का एखादा खडकात?

ओला_हात | २ मार्च, १०.२२

सिरॅमिकच्या खडकात खेकडा कुठून येणार.

टीडीएस_बाबा | २ मार्च, १०.४०

मासे मजेत, गोगलगाय उताणी. तुझ्या आरओचं झाकण उघड आणि आतल्या नळ्यांवर काय लिहिलंय ते वाच.

ओला_हात | २ मार्च, १०.५८

सेडिमेंट. प्री-कार्बन. मेम्ब्रेन. पोस्ट-कार्बन. आणि एक नारिंगी, त्यावर "अ‍ॅक्टिव्ह कॉपर".

ओला_हात | २ मार्च, १०.५९

अरे देवा.

टीडीएस_बाबा | २ मार्च, ११.२०

तांब्याच्या कळशीतलं पाणी चांगलं म्हणून हल्ली यंत्रातच तांबं घालून देतात. माणसाला काही नाही. माशालाही लगेच काही होत नाही. माशांच्या खवल्यांवर पांढरे ठिपके आले की औषध म्हणून तांबंच देतात, वेगळ्या टाकीत. पण गोगलगाय, कोळंबी, खेकडा, पोवळं हे बिनकण्याचं सगळं थोड्याशा तांब्यानेही जातं. आणि तू रोज आटलेल्या पाण्याची भरपाई त्याच पाण्याने करत होतास. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं. पाच आठवडे साचलं.

दुकानदाराची चूक नाही.

मत्स्यपत्नी | ३ मार्च, सकाळी ६.१०

मी ओला_हातची बायको. आत्ताच खातं काढलं. रात्री दीड वाजता हा माणूस आरओ उघडून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला होता. ४,५०० चं ते डीआय का काय ते आजच मागवलंय, आकडा मी वाढवून दिलाय. मला फक्त एवढंच विचारायचंय, आता ते मासे जगतील ना? मुलीने त्यांची नावं ठेवलीत.

शिंपला७ | ३ मार्च, ७.००

जगतील वहिनी. नावं काय?

मत्स्यपत्नी | ३ मार्च, ७.०४

जिलेबी आणि मठ्ठा.

टीडीएस_बाबा | ३ मार्च, ७.३०

वहिनी, काळजी करू नका. ओला_हात, असं कर. डीआयचं पाणी शून्य दाखवायला लागलं की चार दिवसांच्या अंतराने तीन वेळा निम्मं-निम्मं पाणी बदल. तांबं शोषणारं रेझिन मिळतं, त्याची पिशवी फिल्टरमध्ये टाक. नुसत्या कार्बनवर विसंबू नको. खडकानेही थोडं धरलेलं असेल, ते हळूहळू सोडेल, म्हणून रेझिन महिनाभर राहू दे. मग एक, फक्त एक गोगलगाय सोड आणि दोन आठवडे बघ. यंत्रातून जे फेकायचं पाणी निघतं ते बादलीत धर, लादी पुसायला चालतं.

ओला_हात | १९ एप्रिल, रात्री ९.४५

गोगलगाय जिवंत आहे. एकवीस दिवस. तिने काचेवर शेवाळातून काढलेल्या वाटेचा मी काल फोटो काढला, लेकीने तो शाळेत दाखवला.

शिंपला७ दादांकडून पोवळी आणली. झोआंचे दोन तुकडे, हिरवा मशरूम, बोटाएवढं लेदर. पैसे घेतले नाहीत, चिवडा घेतला. आता प्रश्न उन्हाचा. दुपारी पाणी ३१.५ जातंय. चिलर बघितले, पंचवीस हजारांपासून पुढे.

आगरकन्या | १९ एप्रिल, १०.००

तुमच्याकडे हवा कोरडी आहे, पंख्याने होईल. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागला पाहिजे, झाकण काढून जाळी लावा. तीन-चार अंश सहज उतरतं. आमच्याकडे उरणला दमट हवेत पंखा नुसता फिरतो, दीड अंशावर जात नाही, मला शेवटी जुन्या बाजारातून चिलर घ्यावा लागला. लाइट दुपारी नको, संध्याकाळी चार ते रात्री बारा ठेवा.

पण पंखा लावला की पाणी झपाट्याने आटतं. दिवसाला दोन-अडीच लिटर. भरपाई साध्या डीआयच्या पाण्याने, खाऱ्या नाही! मीठ उडत नाही. चार दिवस विसरलात तर दहा लिटर कमी आणि क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९. फ्लोट असलेला छोटा पंप लावून टाका.

शिंपला७ | १९ एप्रिल, १०.२०

झोआंबद्दल एक राहिलं, घरात लहान मूल आहे म्हणून ठळक लिहितो. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापू नको, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नको. आणि खडकावर झोआ नकोसे झाले म्हणून तो खडक कधीही, कधीही उकळत्या पाण्यात टाकू नको. वाफेतून ते विष श्वासात जाऊन अख्खी घरं रुग्णालयात गेली आहेत. गरम पाण्याने घासायचंही नाही.

मत्स्यपत्नी | १९ एप्रिल, १०.२४

हे आधी का नाही सांगितलं?

शिंपला७ | १९ एप्रिल, १०.३१

चूक झाली वहिनी. चिवड्याच्या नादात राहिलं.

लाटकर | ६ मे, दुपारी २.००

मीही सुरू केलं! दीड फुटी. पहिल्याच दिवशी निळा टँग आणि मँडरिन हे मासे आणि ॲनिमोन (समुद्रफूल) आणलं. क्लाउनला ॲनिमोन लागतोच ना?

शिंपला७ | ६ मे, २.१०

लाटकर, बसून वाच. टँग मोठा होतो आणि दिवसभर पोहतो, त्याला सहा फुटी टाकी लागते. मँडरिन जिवंत बारीक किडेच खातो, नव्या टाकीत उपाशी मरतो. टाकीत पैदा झालेल्या क्लाउनला ॲनिमोनचं काही पडलेलं नसतं. आणि ॲनिमोन जागा आवडली नाही की चालायला लागतं, रात्री वेव्हमेकरमध्ये अडकतं, सकाळी टाकीत त्याचं सूप झालेलं असतं. तिन्ही दुकानात परत दे. आजच.

लाटकर | ६ मे, ७.४०

टँग आणि मँडरिन परत घेतले. ॲनिमोन घेत नाहीत.

मालवणी_मासोळी | ६ मे, ७.५५

वेव्हमेकरच्या तोंडाला स्पंजाची टोपी घाल. आजच.

ओला_हात | २२ जून, रात्री ८.३०

पाऊस लागला आणि वीज जायला लागली. परवा पाच तास गेली. वेव्हमेकर डीसी असल्यामुळे राउटरच्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर चालवला, साडेतीन तास चालला. पुढचा दीड तास मी आणि लेक आळीपाळीने पेल्याने पाणी वर घेऊन ओतत बसलो.

दुसरं म्हणजे सोसायटीने डासांची फवारणी केली. आधी कळलं म्हणून खिडक्या बंद केल्या, टाकीवर ओला पंचा टाकला, एअर पंप बाल्कनीतून काढला, नवा कार्बन टाकला. काही झालं नाही. खालच्या मजल्यावरच्यांकडे फायटर मासा होता, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याचा हिशेबही सांगतो: आठवड्याला १२ लिटर पाणी बदलतो, महिन्याला दोन किलोच्या आत मीठ, साडेपाचशे रुपये. वीज रोज एक-सव्वा युनिट. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) घेतला नाही, अडलं नाही.

टीडीएस_बाबा | २२ जून, ९.००

नायट्रेट, फॉस्फेट?

ओला_हात | २२ जून, ९.०४

नायट्रेट ५. फॉस्फेट ०.०६. शून्यावर आणू का?

टीडीएस_बाबा | २२ जून, ९.०६

नाही! शून्यावर नेलंस तर पोवळी उपाशी आणि डायनोफ्लॅजेलेटचा चिकट बुडबुड्यांचा थर येईल, तो जाता जात नाही. आहे तसं राहू दे. हात खिशात ठेव.

ओला_हात | २ सप्टेंबर, रात्री ११.००

सात महिने. लेदर आता तळहाताएवढं झालंय. मध्ये आठवडाभर मिटून मेणचट दिसत होतं, मी घाबरलो, पण ते कात टाकतं म्हणे. टाकली. दुसऱ्या दिवशी सगळी बोटं बाहेर. जिलेबी मोठी होऊन मादी झाली आणि मठ्ठा लहानच राहिला. रात्री दोघं लेदरच्या बोटांत घुसून झोपतात. झोआ १४ होते, आज लेकीने ३९ मोजले.

गणपतीला सहा दिवस गावी जातोय. ऑटो टॉपअपची (आटलेलं पाणी आपोआप भरणारी) टाकी वीस लिटरची आहे, पुरेल. पण फ्लोट अडकला तर? शेजारचा नववीतला आर्यन रोज येऊन बघेल. त्याला काय सांगू?

आगरकन्या | २ सप्टेंबर, ११.१५

काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा. रेघेखाली गेलं तर बाटलीतलं साधं पाणी रेघेपर्यंत. खाद्य रोजच्या पुड्या बांधून ठेवा, डबा लपवा. पोरं माया करतात, डबा अर्धा ओततात.

ओला_हात | ९ सप्टेंबर, रात्री १०.४०

सगळे ठीक. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना आर्यनचा फोन. फ्लोट खरंच अडकला होता, त्याला गोगलगाय चिकटून बसली होती. पाणी रेघेखाली दोन बोटं. म्हणाला, "काका, समुद्राचे मासे आहेत ना, मग मी मीठ घालून ओतू का? स्वयंपाकघरात सापडलंय."

झांजा एवढ्या जोरात होत्या की त्याला "नको" ऐकू जाईना. शेवटी अंगणात धावत गेलो.